चौथ्या मजल्यावरचा वर्षावास

सोनूबाई हिवाळे यांचा धंदा बसण्याचा. गोरेगावच्या चित्रनगरीत मालिकांचं शूटिंग असलं की लग्नाच्या मांडवात माणसं लागतात, बारशाला पाळण्याभोवती बाया लागतात, कुणी मेलं तर पांढऱ्या साड्यांची एक रांग लागते. पुढे नायिका रडत असते, खलनायिका एक भुवई वर करून उभी असते, आणि मागच्या धुरकट गर्दीत, खांबाच्या शेजारी, सोनूबाई बसलेल्या असतात. गेली वीसेक वर्षं. एवढ्या काळात किती लग्नं लावली ते त्यांनाही सांगता येणार नाही. मात्र एकाही लग्नात त्यांना जेवायला मिळालेलं नाही, कारण ताटातला लाडू सकाळपासून तोच असतो आणि संध्याकाळी तो शेजारच्या सेटवर बारशाला जातो.

ही नोकरी ज्याला सोपी वाटते त्यानं एकदा भर उकाड्यात, दिव्यांच्या झोतात, भरजरी साडी नेसून सकाळी मांडी घालावी आणि दुपार कलेपर्यंत तीच मांडी टिकवावी. शिवाय दर वेळी नायकानं हार फेकला की पहिल्यांदाच बघितल्यासारखं दचकावं. सोनूबाई सतरा वेळा दचकू शकतात, आणि सतराव्या वेळी जास्त चांगलं दचकतात. नव्या पोरी पाय मोकळे करायला उठतात आणि परत येऊन बघतात तर जागेवर दुसरीच. सोनूबाई उठत नाहीत. "मावशी, जरा सरका," असं कुणी म्हटलं तर "का?" एवढंच त्या बसल्या जागेवरून विचारतात. बहुतेक लोक मग दुसरी जागा शोधतात.

आयुष्यात त्या एकदाच उठल्या होत्या.

लग्न होऊन परभणीकडून त्या घाटकोपरच्या टेकडीवरच्या खोलीत आल्या. नवरा धोंडू. गडी कामाला वाघ आणि संध्याकाळी घरातही वाघच. शेजारपाजारच्यांना मार ऐकू येई, आणि शेजारपाजारचे चांगले लोक होते, म्हणून त्यांनी चांगला सल्ला दिला: "चार दिवस माहेरी जा गं, त्याचं डोकं थंड होईल." सोनूबाई दोन लेकरं घेऊन गेल्या. परत आल्या तेव्हा दोरीवर परक्या माणसांचे कपडे वाळत होते आणि दारातली बाई विचारत होती, "कोण पायजे?" धोंडूनं खोली विकली होती आणि तो कुठंतरी निघून गेला होता. त्याचं डोकं थंड झालं की नाही ते काही कळलं नाही. सोनूबाईंची चूल मात्र थंड झाली. मग मानखुर्दला बहिणीच्या घरात, मधोमध एक चादर टांगून, चादरीच्या अलीकडे त्यांनी पोरं मोठी केली.

त्या चादरीकडे बघत बघत त्यांनी एक गोष्ट मनाशी पक्की केली. मार खाणाऱ्या बाईला जग म्हणतं, तू ऊठ आणि जा. माहेरी जा, मावशीकडे जा, आश्रमात जा, पण जा. मारणाऱ्याला कुणी म्हणत नाही, बाबा, तू ऊठ. तो आपला बसलेलाच. खोली त्याची, पंखा त्याचा, पंख्याखालची जागा त्याची. तेव्हापासून कुठल्याही बाईचा रडका आवाज कानावर आला की सोनूबाई तिच्या घरी जाऊन पहिलं काम करत ते हे: आत जायचं, मांडी घालायची आणि "चहा टाक गं" म्हणायचं. दोघांच्या खोलीत तिसरं माणूस ठाण मांडून बसलं की निम्मे हात आपोआप खाली येतात.

यावरून त्यांचं आणि अस्मिता वकिलांचं नेहमी वाजायचं. अस्मिता मुलुंडच्या. तीन पिढ्या नोकरदार घरात वाढलेल्या, बोलणं स्वच्छ, दर शनिवारी दिंडोशीच्या संघमित्रा सहनिवासात तळमजल्यावरच्या हॉलमध्ये येऊन बायकांना कायद्याचा फुकट सल्ला देणाऱ्या. सोनूबाई याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर थोरल्या मुलाकडे राहत.

"मावशी, असं सरसकट ‘घर सोडू नको’ सांगत जाऊ नका हो. जिवावर बेतलं तर आधी बाहेर पडायचं. घर नंतर," अस्मिता म्हणायच्या.

"पडू दे ना बाहेर! मी कुठं तिचा पदर धरून ठेवते? ती बाहेर पडली की तिच्या जागी आपण जाऊन बसायचं. जागा मोकळी ठेवायची नाही, एवढंच माझं म्हणणं."

"कायद्यात याला निवासाचा हक्क म्हणतात. घर कुणाच्याही नावावर असो, बायकोला त्यातून काढता येत नाही."

"म्हणू दे कायद्याला. आम्ही बसणं म्हणतो."

संघमित्रा सहनिवास म्हणजे झोपड्या पाडून उभी राहिलेली सात मजली इमारत. लिफ्ट आहे, म्हणजे लिफ्टचं दार आहे. मधोमध लांब बोळ आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर दारं, त्यामुळे एका घरात फोडणी पडली की समोरचं घर शिंकतं. आवाजांचंही तेच. सोनूबाई म्हणायच्या, "सेटवर एका थपडेला तीन कॅमेरे लावतात. ती तीन-तीनदा दाखवतात, वर ढगांचा गडगडाट. इथं चौथ्या मजल्यावर तीन थपडा पडल्या की शेजारी टीव्हीचा आवाज वाढवतात. कशाला? तर मालिकेतली ती एक थप्पड नीट ऐकू यावी म्हणून."

चौथ्या मजल्यावर राहायचा आकाश. दिसायला देखणा, गाड्यांच्या शोरूममध्ये नोकरीला, भेटला की दोन्ही हात जोडून "जयभीम, मावशी!" एप्रिलात जयंतीला माइक याच्याच हातात. स्त्रियांच्या हक्कांवर तो बोलायला लागला की खाली बसलेल्या बायांचे डोळे भरून यायचे. त्याच्या बायकोचे, शीतलचेही यायचे, पण तिची कारणं वेगळी होती. ही मुलगी रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. अनोळखी धटिंगणांच्या दंडात रोज बेधडक सुई खुपसणारी, आणि घरी आली की दाराबाहेर उभं राहून आतल्या आवाजाचा अंदाज घेणारी. सहा वर्षांची तेजलही आईसारखीच दाराला कान लावून उभी राहायला शिकली होती.

गोष्ट पहिल्यांदा बाहेर आली तेव्हा इमारतीच्या पंचायतीचे अध्यक्ष दादू यांनी रीतसर बैठक बोलावली. दादू मनानं वाईट नाहीत. बेस्टमधून निवृत्त झालेले, कुठलंही भांडण थांबायलाच हवं आणि ते चहापर्यंत थांबावं, अशा मताचे. आकाशनं बैठकीत सुंदर भाषण केलं. माफी मागितली, चार पुरुषांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. समेट झाला. चहा झाला. आणि महिना उलटायच्या आत शीतलचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला.

"बाथरूममध्ये पाय घसरला," ती जिन्यात म्हणाली.

सोनूबाईंनी तिच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "अगं बाई, आपल्या बिल्डिंगची मोरी केवढी? त्यात माणूस पडायचं म्हटलं तरी पडत नाही, दोन्हीकडून भिंती धरून ठेवतात. चल, वर चल. चहा टाक. नाही, तू राहू दे, मीच टाकते."

तो चहा लांबला. शनिवारी शीतल अस्मितांसमोर बसली. हॉस्पिटलात मात्र तिनं तोच मोरीचा पाय सांगितला होता, त्यामुळे कागदावर हात आपोआपच मोडलेला होता, आणि बंद दाराआडचं पाहिलेलं कुणी नव्हतं. कोर्टात अर्ज गेला. तारीख मिळाली ती पावसाळा सरता सरता. नोटीस हातात पडली त्या दिवशी आकाशनं आवाज न चढवता, एका हातानं तेजलचे केस विंचरत बसलेल्या शीतलला सांगितलं, "तारखेच्या आत तू आणि ही पोर या घरात दिसायला नको. कोर्टात मी सांगणार, ही स्वतःच गेली सोडून."

अस्मितांचा चेहरा पडला. "तसं झालं तर फार जड जाईल, मावशी. बाहेर पडलेल्या बाईला परत आत घालणं आणि आत असलेल्या बाईला आत ठेवणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. शीतल, तुझ्या जिवाला धोका वाटला की तू तेजलला घेऊन सरळ मावशींकडे जायचं, घराचा विचार करायचा नाही."

"आणि घराचा विचार आम्ही करतो," सोनूबाई म्हणाल्या. पण सगळा पावसाळा रोज संध्याकाळी दुसऱ्याच्या घरात कुठल्या निमित्तानं बसायचं, हे त्यांनाही सुचत नव्हतं. चहाला माणूस बसून बसून किती बसणार?

निमित्त खुद्द आकाशनंच हातात दिलं.

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. भिक्खू पावसाळ्याचे तीन महिने एका जागी मुक्काम करतात, आणि वस्त्यावस्त्यांतून संध्याकाळी धम्मग्रंथाचं वाचन चालतं. संघमित्रा सहनिवासात रीत अशी, की ग्रंथ रोज नव्या घरी. पांढऱ्या कापडात गुंडाळलेला ग्रंथ पुढच्या घरची बाई येऊन दोन्ही हातांनी उचलून घेऊन जाते. ती येईपर्यंत तो आहे तिथून हलत नाही. पहिल्या दिवसाचा मान मोठा. दादूंनी हॉलमध्ये विचारलं, "सुरुवात कुणाकडे?" आणि नोटिशीनं नाव थोडं काळवंडलेल्या आकाशनं झटकन हात वर केला. "माझ्याकडे होऊ दे, काका. घरात जरा शांतता नांदेल."

"नांदेल, नांदेल," मागून सोनूबाई म्हणाल्या. त्या रात्रीच्या आत त्या जिने चढून उतरून सातही मजल्यांवर जाऊन आल्या. समजावून कुणाला फारसं सांगावं लागलं नाही. प्रत्येकीनं फक्त विचारलं, "किती दिवस?" सोनूबाई म्हणाल्या, "माहीत नाही." बऱ्याच जणी म्हणाल्या, "बरं." काही जणींनी नुसता दंडावरचा पदर सारखा केला, आणि ते सोनूबाईंच्या नजरेतून सुटलं नाही.

पहिली संध्याकाळ झकास झाली. पांढऱ्या साड्यांनी खोली भरली, उरलेल्या बोळात बसल्या. मेणबत्त्या लागल्या, त्रिसरण-पंचशील झालं. आकाश सगळ्यांच्या पुढे हात जोडून उभा. हिंसा करणार नाही, हे पहिलं शील. नशा करणार नाही, हे पाचवं. दोन्ही त्यानं खणखणीत म्हटली. वाचन झालं, खीर झाली. मग दादू म्हणाले, "उद्या ग्रंथ कुणाकडे? नलिनीताई, तुमचा नंबर."

सहाव्या मजल्यावरच्या नलिनीनं खिरीची वाटी खाली ठेवली. "उद्या माझ्याकडे नाही जमणार, भाऊ. नळाला पाणी येणार नाही."

"अहो, नळ सगळ्या बिल्डिंगचा एकच आहे!"

"मग कुणाकडेच येणार नाही बघा."

दादूंनी पुढचं दार विचारलं. त्यांच्याकडे रंगकाम काढलं होतं. त्यापुढचीच्या घरी पाहुणे येणार होते, आणि ते कधी जातील हे पाहुण्यांनाच ठाऊक नव्हतं. एकीच्या सुनेला डोहाळे लागले होते. "अगं, तुझ्या मुलाचं लग्न कुठं झालंय?" दादू म्हणाले. "तेच तर टेन्शन आहे, भाऊ," ती म्हणाली. शेवटी दादूंनी छाती पुढे काढली. "ठीक आहे! माझ्या घरी. माधुरी, उचल गं ग्रंथ."

त्यांच्या बायकोनं, माधुरीताईंनी, कमरेवर हात ठेवला. "माझी कंबर धरलीय."

"ग्रंथ दोन किलोचासुद्धा नाही!"

"कंबर कुठं किलो बघते, अहो?"

त्या दिवशी ग्रंथ आकाशच्याच घरी राहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचन, पुन्हा खीर, पुन्हा नळाला पाणी नाही. तिसऱ्या दिवशी रंगकामवालीनं भिंतीचा रंग बदलायचं ठरवलं. आठवडा झाला तरी ग्रंथ चौथ्या मजल्यावरच. संध्याकाळी आकाश कामावरून येई तो दारात चपलांचा ढीग. चपलांतून वाट काढत आत शिरलं की समोर पांढऱ्या साड्यांची फौज, आणि मधोमध, अगदी पंख्याखाली, सोनूबाई. "ये बाबा, ये. शिलं घ्यायची राहिलीत. तुझ्यासाठी थांबलोय."

ग्रंथ घरात असल्यामुळे मटण बंद, बाटली बंद, चढा आवाज बंद. एकदा वाचन चालू असताना आकाशच्या दंडावर डास बसला. त्यानं फटका मारायला हात उचलला आणि खोलीतल्या सगळ्या माना एकदम वर झाल्या. हात तसाच अधांतरी राहिला, मग हळूच मांडीवर आला. डासानं पोटभर जेवून घेतलं. त्या संध्याकाळी खिडकीजवळ बसलेली शीतल, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा, तोंडाला पदर लावून हसली.

वाचन संपलं तरी बाया एकदम उठत नसत. एकीला वरणाची कृती विचारायची असे, दुसरीच्या पोटरीत गोळा आलेला असे. शेवटी दोघी-तिघी "आता एवढ्या जिन्यानं कुठं जाऊ" म्हणत तिथंच अंथरूण टाकत. ग्रंथापाशी कुणी नको का? शिफ्ट लागलेल्या. सोनूबाईंनी त्या पावसाळ्यात चित्रनगरीतली दोन लग्नं आणि एक तेरावा सोडला.

आकाशनं दाराला कुलूप लावून बघितलं. बाया बोळात बसल्या आणि वाचन जास्त मोठ्यानं झालं. तो उशिरा यायला लागला. ग्रंथाची पानं सावकाश उलटायला लागली. तेव्हा तो दादूंकडे गेला, आणि दादू चौथ्या मजल्यावर आले.

"सोनू, हे काय चालवलंयस? ही पोथी आहे का पोलीस चौकी?"

"पोथी म्हणू नकोस, दादू. ग्रंथ म्हण."

"ग्रंथ! पण रोज एकाच घरात?"

"वर्षावासात काय करतात रे? एका जागी राहतात. आमच्या ग्रंथानं जागा धरलीय."

"तू धम्माचा उपयोग करून घेतेयस."

"मग काय करायचं त्याचं? कपाटात ठेवून डांबराच्या गोळ्या घालायच्या?"

दादूंना उत्तर सुचलं नाही, पण अध्यक्षाला उत्तर सुचलं नाही तरी ठराव सुचतो. पंचायतीनं ठरवलं: उद्यापासून वाचन खाली हॉलमध्ये. ग्रंथ स्वतः अध्यक्ष उचलतील, बाईचा नियम यंदापुरता बाजूला. अस्मितांनी फोनवर एवढंच विचारलं, "तारखेला अजून तीन आठवडे आहेत. निघतील ना, मावशी?"

"बघू," सोनूबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच थोडा जिना चढल्याचा दम होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, उजेड असतानाच, दादू आले. सोबत आकाश, आज बऱ्याच दिवसांनी ताठ मानेचा. खोली भरलेली होती. कुणी उठलं नाही. दादू चौरंगापाशी आले आणि घुटमळले; त्यांना ग्रंथाला नमस्कार करून उचलायचा होता, आणि नमस्काराला जागा नव्हती.

आकाशला तेवढा दम निघाला नाही. तो आत गेला, कपाटातले शीतलचे कपडे ओढून काढले आणि ओट्याखालच्या पिशवीत कोंबले. "काका, ग्रंथाबरोबर हीपण खाली जाईल. आणि या सगळ्याजणीपण. उठा! माझं घर आहे हे. ऐकू येतं का? उठा!"

"का?" सोनूबाई म्हणाल्या.

एवढ्याशा शब्दानं माणूस किती पेटावा! आकाशनं पिशवी शीतलच्या अंगावर फेकली, चौरंगाकडे झेप घेतली, ग्रंथ एका हातानं हिसकावला. मेणबत्ती आडवी झाली, पांढऱ्या कापडावर मेण सांडलं, कापडाचं टोक त्याच्या पायाखाली आलं.

"आकाश!" दादू गरजले. बेस्टमध्ये असताना त्यांनी भर गर्दीत लावला नसेल असा आवाज. "ग्रंथावर पाय? लाज वाटते का रे?" आणि त्यांनी हात उगारला.

"दादू, हात खाली," सोनूबाई म्हणाल्या. त्या अजूनही बसलेल्याच होत्या. "या घरात कुणी कुणाला मारायचं नाही. त्यालापण नाही." मग त्यांनी शांतपणे ग्रंथ आकाशच्या हातातून काढून घेतला, मांडीवर ठेवला आणि मेण नखानं खरवडत म्हणाल्या, "एक सांगू, दादू? कापडाला पाय लागला तर तुझं रक्त तापलं. हिला मार बसला तेव्हा तू चहा पिऊन मोकळा झालास."

दादूंचा वर गेलेला हात खाली यायला फार वेळ लागला. मग ते भिंतीला टेकून, बायांच्या रांगेत, चक्क खाली बसले.

तेव्हा शीतल उभी राहिली. तिच्या पायाशी पिशवीतले कपडे पसरले होते. तिचा आवाज बोळाच्या टोकापर्यंत गेला.

"माझा पाय घसरला नव्हता. यानं दारात घालून हात मोडला. हॉस्पिटलात मी खोटं सांगितलं, कारण हा शेजारी उभा होता. आता तुम्ही सगळे शेजारी बसलात, आता खरं सांगते."

आणि तिनं फोन उचलून स्वतः पोलिसांना लावला. सोनूबाईंनी "मी बोलू का?" म्हणून हात पुढे केला तर तिनं तो बाजूला सारला. पत्ता, मजला, नवऱ्याचं नाव, सगळं तिनं सांगितलं, जसं लॅबमध्ये रोज पेशंटचं नाव-वय सांगते तसं. आकाश म्हणाला, "शीतल, लोकांत तमाशा नको." ती म्हणाली, "तू घरात करत होतास, मी लोकांत करते." त्यानं पोलीस यायच्या आत जिना धरला. जाताना चपलांच्या ढिगात स्वतःची चप्पल शोधायला त्याला बराच वेळ लागला, आणि एकाही बाईनं आपली चप्पल बाजूला केली नाही. तो मानखुर्दला चुलतभावाकडे गेल्याचं नंतर कळलं.

ठाण्यातून आलेल्या हवालदार बाईंनी विचारलं, "पाहिलं कुणी?" आणि इतके हात वर झाले की त्यांनी पेन खाली ठेवून आधी पाणी मागितलं. पहिला जबाब दादूंनी दिला. मागच्या समेटाचाही दिला, चहासकट. नवा प्रसंग आणि जबाब कागदावर आल्यावर अस्मितांनी तारीख अलीकडे ओढून घेतली, आणि हुकूम झाला: अंतिम निकाल लागेपर्यंत शीतलला त्या घरातून कुणी काढायचं नाही आणि आकाशनं तिथं पाऊल ठेवायचं नाही. त्याचे कपडे त्यानं पोलिसासमोर, दारातून घेऊन जावे.

तो आला त्या दुपारी चौथ्या मजल्याच्या बोळात विलक्षण कामं निघाली. एकजण भर पावसात पापड वाळवत होती. नलिनी लसूण सोलत होती, अर्ध्या तासापासून तीच एक पाकळी. माधुरीताईंची कंबर पूर्ण बरी झालेली दिसत होती, कारण त्या वाकून जिन्याची फरशी पुसत होत्या. शीतल दार उघडून उंबऱ्यावर उभी होती. तिनं पिशवी पुढे केली.

"टीव्ही माझा आहे," आकाश म्हणाला.

"हप्ते माझे आहेत."

"हे घर माझं आहे, शीतल."

"तुझं असेल. राहणार मी आहे. पिशवी घेतोस की खाली ठेवू?"

हवालदारानं घड्याळात पाहिलं. आकाशनं पिशवी घेतली. जिन्याच्या वळणावर तो थांबला, वर पाहिलं, आणि त्याला वाटलं असावं की काहीतरी बोलावं. बोलण्यात तर तो हुशार. पण माइक नव्हता आणि समोर टाळ्या वाजवणारं कुणी नव्हतं. तो गेला.

बाया हळूहळू कामं टाकून दारापाशी आल्या. सोनूबाईंनी सवयीनं चपला काढून हातात घेतल्या आणि आत जायला पाऊल उचललं. "चला गं, बसू या जरा. शीतल, चहा—"

"मावशी," शीतल उंबऱ्यातून हललीच नाही. "आज नको."

"म्हणजे?"

"म्हणजे आज कुणी नको. जेवायच्या वेळी माणसं, झोपायच्या वेळी माणसं, केस धुवायला आत गेले तर दाराशी दोघी. मला कंटाळा आलाय तुमचा सगळ्यांचा. खिरीचा तर वासपण नको. ग्रंथ न्या कुणीतरी, सगळ्यांच्या नळाला पाणी आहे. मी आणि तेजल आज पंख्याखाली आडव्या पडणार आहोत, आडव्या म्हणजे अगदी हातपाय पसरून. उद्या या. फोन करून या."

माधुरीताईंनी मुकाट्यानं आत जाऊन ग्रंथ दोन्ही हातांनी उचलला आणि बाहेर आणला. शीतलनं दार लावलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला, मग वरची कडी, मग पंखा पाचावर, आणि मग तेजलचा आवाज, मोठ्ठा, कुणाचाही अंदाज न घेता: "आई, मी टीव्हीचा आवाज वाढवू?"

सोनूबाई हातात चपला घेऊन बोळात उभ्या. नलिनीला वाटलं, आता या दार वाजवणार.

"बघितलंस?" सोनूबाई म्हणाल्या. "मला! मला बाहेर काढलं. आपल्याच घरातून काढल्यासारखं काढलं. किती माजलीय बघ पोरगी."

"लहान आहे, मावशी. मनावर घेऊ नका."

"मनावर?" सोनूबाईंनी चपला खाली टाकल्या, एकेक पायात सरकवली आणि जिन्याकडे निघाल्या. "अगं, माजू दे की! अजून माजू दे. अजून कुठं काय माजलीय ती."